आमच्या अंगणातला चिरा

पेडण्यातल्या आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, गडगाही चिऱ्याचाच. त्यामुळे सरांनी 'गाळाचा एक खडक शोधून आणा' म्हटलं, तेव्हा मी अंगणातलाच तुकडा उचलून नेला. तपकिरी, भोकं भोकं असलेला, आत दाण्यांसारखे कण. सरांनी एवढंच विचारलं, "यात थर दाखव बघू." थर नव्हतेच!

तुम्हीही पारखून बघा. वालुकाश्म खरवडला तर वाळूचे कण सुटतात. चुनखडकावर व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे येतात. चिऱ्यावर तसे बुडबुडे येत नाहीत. घासला की लाल-पिवळी पूड हाताला लागते आणि भोकांत माती सापडते.

गाळाच्या खडकाचं साहित्य वारा-पाणी दुसरीकडून आणून टाकतं. चिरा, म्हणजे जांभा, याच्या उलट. इथे पाणी साहित्य घेऊन जातं! उष्ण हवेत लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातला चुना, पोटॅश आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. मागे उरली ती लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं. मात्र उतारावर जांभ्याचेच तुकडे घरंगळून पुन्हा सांधले जातात, तो प्रकार गाळाच्या खडकाच्या जवळ जातो. म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो.

ताजा चिरा मऊ असतो, उघड्यावर वाळला की कडक होतो. म्हणूनच तो विटेसारखा कापता येतो. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाला 'लॅटराइट' म्हटलं, कारण लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. आपल्या डिचोलीतल्या हरवळेच्या गुंफा याच दगडात कोरलेल्या आहेत.

आणि ती भोकं? सड्यावरचा पाऊस त्यांतून आत मुरतो आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर येतो. आमच्या घरामागची झर पूर्वी मे महिन्यापर्यंत वाहायची, असं आजी सांगते. वर चिरेखाण झाल्यापासून ती मार्चमध्येच आटते. खाण हे एकच कारण असेल असं मी म्हणत नाही. पण कापून नेलेला जांभा पुढच्या पावसाळ्यात परत तयार होत नाही, एवढं आता कळतं.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आपलं घरही त्याच सड्याचं." यावर मला उत्तर सुचलं नाही.