सामाईक चलाची पहिली भरणी

एखादे काम एकदाच व्हावे, ते एकानेच करावे, आणि ते पुरे होईपर्यंत इतर कोणी त्याचे फळ हाती घेऊ नये, या तीन अपेक्षा ऐकावयास फारच माफक वाटतात. परंतु संगणकाच्या आज्ञावलीत, आणि विशेषतः सी या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत, त्या तिन्ही एकाच वेळी पुऱ्या करणे अनुभवी लेखकांनाही बरीच वर्षे जड गेले. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. आज्ञावलीच्या ओळी ध्वनिक्षेपकासमोर वाचून दाखविण्यात काही हशील नाही. तेव्हा सारे शब्दांतच सांगतो.

सी ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत घडविली. त्या काळी आज्ञावली म्हणजे एकाच वाटेने, ओळीमागून ओळ, पुढे जाणारे काम. १९८९ साली या भाषेचे पहिले प्रमाण ठरले, त्यातही एका आज्ञावलीत अनेक वाटा एकदम चालू असतील याचा विचार नव्हता. आता आपल्या खिशातल्या फोनमध्येसुद्धा प्रोसेसरचे अनेक गाभे असतात आणि एकाच आज्ञावलीच्या अनेक वाटा खरोखरच एका क्षणी चालतात. अशा वाटेला थ्रेड म्हणतात. आपण तिला धागा म्हणू. या सर्व धाग्यांची स्मृती मात्र सामाईक असते. सोयही त्यातच आहे आणि सगळी कटकटही त्यातच.

एक खरे उदाहरण घेऊ. झिप किंवा जीझिप पद्धतीने बांधलेली फाईल वाटेत बिघडली की काय हे पाहण्यासाठी सीआरसी-३२ नावाचा एक पडताळा-अंक काढतात. तो भराभर काढता यावा म्हणून आधी २५६ अंकांचे एक कोष्टक करून ठेवतात. प्रत्येक अंक चार बाइटांचा, म्हणजे सबंध कोष्टक १०२४ बाइटांचे. प्रत्येक अंकासाठी आठ पायऱ्यांचे गणित, म्हणजे एकूण २०४८ पायऱ्या. काम लहान आहे, परंतु दर वेळी नव्याने करण्याइतके लहान नाही. एकदा करावे आणि सर्व धाग्यांनी ते वापरावे, हेच शहाणपणाचे.

येथे सी भाषेचा एक नियम आडवा येतो. जे चल आज्ञावलीच्या आरंभापासून अंतापर्यंत जिवंत राहते, त्याचे आरंभीचे मूल्य स्थिर अंकच असले पाहिजे. गणित करणारे फलन बोलावून आलेले उत्तर तेथे चालत नाही. मग पहिला उपाय असा, की ते २५६ अंक आधीच काढून ग्रंथात छापावे तसे आज्ञावलीत लिहून टाकावे आणि कोष्टक अपरिवर्तनीय म्हणून घोषित करावे. जे कोणी कधी बदलतच नाही, त्यावरून धाग्यांत तंटा होत नाही. माझ्या मते जेथे हे शक्य असेल तेथे दुसरा विचारच करू नये. दुसरा उपाय, धागे सुरू होण्यापूर्वी मुख्य फलनाच्या पहिल्याच ओळींत भरणी उरकून घ्यावी. हाही चोख आहे. परंतु जो दुसऱ्यांसाठी ग्रंथालय लिहितो, म्हणजे इतरांच्या आज्ञावलींत जोडावयाचा संच लिहितो, त्याच्या हाती मुख्य फलन नसते. आणि वापरणाराला "आधी अमुक बोलाव" असे बजावून ठेवले, तर तो कधी ना कधी विसरणारच. शिवाय काही मूल्ये, उदाहरणार्थ यंत्रात गाभे किती आहेत ही संख्या, आज्ञावली चालू झाल्यावाचून कळतच नाहीत.

म्हणून तिसरी वाट: प्रथम गरज पडेल तेव्हा भरावे. सोबत एक खूण ठेवावी. खूण शून्य असेल तर कोष्टक भरावे, मग खूण एक करावी. एकट्या धाग्याला एवढे पुरते. दोन धागे आले की काय होते, ते स्वयंपाकघरात पाहा. वसतिगृहाच्या आमटीचे मोठे पातेले चुलीवर आहे. एक आचारी चव घेतो, मीठ नाही असे पाहून डबा आणावयास वळतो. तेवढ्यात दुसरा येऊन चव घेतो. त्यालाही आमटी अळणीच लागते. दोघेही प्रामाणिक, दोघांचीही परीक्षा खरी, आणि आमटी मात्र खारट. पाहणे आणि करणे यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून हा दोष आत शिरतो.

कोणी म्हणेल, कोष्टकाचे तसे नाही. दोघांनी भरले तरी तेच अंक पडणार, मग बिघडले कुठे? ही शंका अगदी स्वाभाविक आहे. तिला दोन उत्तरे आहेत. भरणीत स्मृती मागून घेतली असेल किंवा फाईल उघडली असेल, तर दुसरी भरणी निरुपद्रवी राहत नाही. आणि दुसरे उत्तर अधिक खोल आहे. कोष्टक आधी आणि खूण मागाहून, हा क्रम लिहिणाऱ्याच्या मनात असतो. यंत्र तो पाळीलच असे नाही. भाषांतर करणारा कंपायलर वेग साधण्यासाठी ओळी मागेपुढे करतो, कारण एकट्या धाग्याच्या दृष्टीने फळ तेच येते. प्रोसेसरही नोंदी स्मृतीपर्यंत पोहोचविताना क्रम बदलू शकतो. परिणामी दुसऱ्या धाग्याला खूण एक झालेली दिसते आणि कोष्टक मात्र अर्धे रिकामे. त्याच स्वयंपाकघरात भात शिजण्यापूर्वीच कोणी दारावर "पान वाढले" अशी पाटी लावावी, तसे हे.

हा दोष लबाडही आहे. इंटेल आणि एएमडी यांच्या नेहमीच्या प्रोसेसरांत एका गाभ्याच्या साध्या नोंदी इतरांना त्याच क्रमाने दिसतात. त्यामुळे टेबलावरच्या संगणकावर आज्ञावली महिनोन् महिने बिनचूक चालते, आणि तीच फोनमधल्या आर्म जातीच्या प्रोसेसरवर नेली, की आठवड्यातून एखाद्या वेळी चुकीचा अंक देते. असा दोष हुडकणे म्हणजे पावसाळ्यात छपराची गळती शोधणे. पाणी पडते एकीकडे, कौल फुटलेले असते दुसरीकडे.

पुष्कळ जण येथे व्होलाटाइल या शब्दाचा आधार घेतात. तो आधार पोकळ आहे. चलाला हा शब्द जोडला, तर कंपायलर त्याचे वाचन-लेखन गाळीत नाही, एवढेच. शेजारच्या साध्या चलांचा क्रम त्याने बांधला जात नाही आणि प्रोसेसरला तर त्याचा पत्ताही नसतो.

खरा उपाय म्हणजे कुलूप, ज्याला म्यूटेक्स म्हणतात. कुलूप घ्यावे, खूण पाहावी, लागल्यास भरावे, कुलूप सोडावे. पण मग कुलूप कोण सिद्ध करणार? तेही एक सामाईक चलच! पॉसिक्स प्रमाणाने याची सोय केली आहे: कुलपाला स्थिर आरंभमूल्य देता येते, म्हणून ते आज्ञावलीबरोबर तयारच जन्माला येते. या पद्धतीत दोष एकच. कोष्टक कधीच भरून झाले, तरी प्रत्येक धाग्याने प्रत्येक वेळी कुलपापाशी थांबावयाचे. गर्दी नसेल तर हा खर्च किरकोळ असतो, आणि तो मोजून पाहिल्याशिवाय घाबरण्याचे कारण नाही. परंतु कार्यकर्त्यांना धीर कुठला! त्यांनी युक्ती काढली: कुलपाबाहेर एकदा खूण पाहावी, शून्य दिसली तरच कुलूप घेऊन पुन्हा पाहावी. १९९६ साली डग्लस श्मिट आणि टिम हॅरिसन यांनी तिला दुहेरी तपासणीचे कुलूप म्हणून मांडले. ती झपाट्याने पसरली. पण बाहेरची पहिली तपासणी कुलपाविनाच होते, म्हणजे पाटी आधी आणि भात मागाहून हा दोष जसाच्या तसा उरतो. २००४ साली स्कॉट मेयर्स आणि आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू यांनी सी++ भाषेपुरते हे सविस्तर दाखवून दिले. आणि १९८९च्या सी भाषेत तर हा दोष दूर करण्याचे साधन भाषेच्या आत नव्हतेच.

ते साधन २०११च्या प्रमाणाने, म्हणजे सी-११ने, दिले. त्यात अविभाज्य चले आली, आणि त्यांच्याबरोबर सोडणे आणि स्वीकारणे अशी जोडी आली. भरणारा धागा खूण "सोडण्याच्या" रीतीने लिहितो. तिच्या आधीचे त्याचे सारे लेखन तिच्यामागे राहू शकत नाही. वाचणारा ती "स्वीकारण्याच्या" रीतीने वाचतो. ती एक दिसली, तर आधीचे सारे लेखन त्याला दिसलेच पाहिजे. या जोडीने दुहेरी तपासणी निर्दोष होते. तरीसुद्धा ती स्वतःच्या हाताने लिहू नये असे मी म्हणेन, कारण तयार वस्तू उपलब्ध आहे.

पॉसिक्सच्या १९९५ सालच्या धागा-प्रमाणात पी-थ्रेड-वन्स नावाचे फलन आहे, आणि सी-११मध्ये त्याचेच भावंड कॉल-वन्स. दोहोंना एक खूण आणि एक भरणीचे फलन द्यावयाचे. जो धागा प्रथम पोहोचेल तो भरतो. मधल्या काळात आलेले थांबतात. आणि बोलावणे परतले की भरणी सर्वांना पूर्ण दिसते. आरंभी सांगितलेल्या तिन्ही अपेक्षा येथे पुऱ्या होतात. लिनक्सवरील ग्नू ग्रंथालयात कॉल-वन्स २०१८ साली आले, म्हणून जुन्या यंत्रांसाठी पी-थ्रेड-वन्सच बरे.

मात्र या फलनांचे काही हट्ट आहेत. खूण स्थायी चलच असावी. फलनाच्या आत तात्पुरती जन्मलेली खूण म्हणजे प्रत्येक आचाऱ्याची स्वतंत्र पाटी. भरणीच्या फलनाला काही देता येत नाही आणि त्याच्याकडून काही घेताही येत नाही. समजा, स्मृती मिळाली नाही आणि भरणी फसली. तरी खूण "झाले" असेच सांगणार. म्हणून फलिताचा अंक वेगळ्या स्थायी चलात लिहून ठेवावा आणि बोलावणे परतल्यावर प्रत्येकाने तो पाहावा. विंडोजमध्ये व्हिस्टापासून जे तशाच कामाचे फलन आहे, ते या बाबतीत उदार आहे: भरणीने अपयश कळविले, तर पुढच्या धाग्याला पुन्हा प्रयत्न करू देते. आणखी एक. भरणीच्या आतून त्याच खुणेसाठी पुन्हा कॉल-वन्स बोलावले, तर धागा बहुधा स्वतःचीच वाट पाहत कायमचा बसतो. दोन भरण्या परस्परांना बोलावीत असल्या, तर दोन धागे एकमेकांची वाट पाहत बसतात. म्हणून भरणीचे फलन आखूड ठेवावे आणि त्यातून परक्या फलनांना शक्यतो हाक मारू नये. भरलेली वस्तू शेवटी मोकळी करण्याच्या फंदातही पडू नये. आज्ञावली संपताना एखादा धागा ती अजून वाचीत असावयाचा, आणि स्मृती तर कार्यप्रणाली आपण होऊन परत घेतेच.

एवढे करूनही शंका राहिली, तर थ्रेड-सॅनिटायझर नावाचा पहारेकरी आहे. क्लँग आणि जीसीसी या दोन्ही कंपायलरांत तो एका पर्यायाने चालू होतो. दोन धाग्यांनी योग्य क्रमबंधनाशिवाय एकच जागा हाताळली आणि त्यांतील एकाने तरी तेथे लिहिले, तर तो दोघांच्याही ओळींचे क्रमांक छापून देतो. आज्ञावली त्याने साधारण पाच ते पंधरा पट मंदावते आणि स्मृतीही पाच ते दहा पट लागते, म्हणून तो फक्त चाचणीच्या वेळी लावावा. आणि चाचणीत जी वाट प्रत्यक्ष चालली नाही तिच्याविषयी तो काही बोलत नाही, यासाठी चाचणीतच अनेक धागे एकदम पहिल्या भरणीवर सोडून पाहावे.