सावली नेमकी धरणारे उपग्रह

१६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल. कारवार-अंकोल्यापासून हैदराबादेजवळच्या रंगापूर वेधशाळेपर्यंतच्या पट्ट्यात त्या दुपारी अंधारून आले होते. कित्येक घरांची दारेखिडक्या बंद होती. ज्यांनी धीर करून वर पाहिले, त्यांना काळ्या बिंबाभोवती सूर्याचे मोतिया प्रभामंडल दिसले. तेही तीन मिनिटांहून कमी वेळ.

सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, आणि त्याबाहेरचे हे विरळ प्रभामंडल दहा लाख अंशांवर! या उफराट्या प्रकाराचा उलगडा अद्याप पुरता झालेला नाही. त्यासाठी हे मंडल तासन्‌तास पाहावयास हवे. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने ‘प्रोबा-३’ ही उपग्रहांची जोडी सिद्ध केली. ५ डिसेंबर २०२४ रोजी ती आपल्या श्रीहरिकोट्याहून, आपल्याच पीएसएलव्ही अग्निबाणाने वर गेली. एका उपग्रहावर १.४ मीटर व्यासाची तबकडी, दुसऱ्यावर दुर्बीण आणि मध्ये सुमारे १५० मीटर अंतर. तबकडीने चंद्राचे काम करावयाचे. ती दुर्बिणीतच का बसवू नये, असे कोणी विचारील. तसे करतातही, पण तबकडीच्या कडेवरून प्रकाश वळून आत शिरतो. तबकडी दूर नेली की हा उपद्रव कमी होतो.

खरी अडचण पुढे आहे. दुर्बिणीपाशी पडणारी सावली जेमतेम ८ सेंटिमीटर रुंद, आणि दुर्बिणीचे मुख ५ सेंटिमीटरांचे. म्हणजे चहूबाजूंनी मोकळीक दीड सेंटिमीटराची! सावली त्याहून सरकली की ऊन थेट आत.

हे अंतर राखावयाचे ते संवेदकांच्या भरवशावर. पृथ्वीजवळून जाताना जीपीएसवरून परस्परांचे स्थान कळते; दूर गेल्यावर ती सोय उरत नाही. तेथे तबकडीवाल्या उपग्रहावरचे कॅमेरे जोडीदाराच्या अंगावरचे दिवे शोधतात. रात्री पैलतीरावरची होडी कंदिलावरून ओळखावी, तसे. जवळ आल्यावर लेसरचा किरण सोडतात. समोरचा आरसा कोपऱ्यासारखा घडवलेला असल्याने किरण आल्या वाटेनेच परततो, आणि अंतर व बाजूचा सरक मिलिमीटरांत मोजता येतो.

आम्हांस सर्वांत आवडला तो शेवटचा डोळा. दुर्बिणीच्या मुखाभोवती प्रकाश मोजणारे बारीक संवेदक बसवले आहेत. सावली मधोमध असेल तर सर्वांवर प्रकाश सारखा. एकीकडे जास्त पडला की सोनाराच्या काट्यासारखे पारडे झुकते आणि उपग्रहास आपली चूक कळते. सावली धरावयाची, ती सावलीच्याच कडेवरून! मग तबकडीवाला उपग्रह वायूचे हलके फवारे सोडून सरकतो. एकेका फवाऱ्याचा जोर सुमारे एक ग्रॅम वजनाएवढा.

मार्च २०२५ मध्ये जमिनीवरून कोणी हात न लावता ही जोडी कित्येक तास नेमकी उडाली, आणि जूनमध्ये प्रभामंडलाची पहिली चित्रे प्रसिद्ध झाली. एक प्रदक्षिणा १९.७ तासांची, त्यांपैकी पृथ्वीपासून दूरच्या, सुमारे ६०,००० किलोमीटरांवरच्या टप्प्यातच सहा तासांपर्यंत ग्रहण धरावयाचे. पुढे पृथ्वीची ओढ वाढली की जोडी मोडावयाची, आणि दुसऱ्या फेरीस पुन्हा जीपीएस, दिवे, लेसर, सावली असे सारे पहिल्यापासून.