ताबा कुणाचा, मालकी कुणाची?

लॉकरमध्ये दागिने ठेवले म्हणून ते बँकेचे होत नाहीत, हे शेंबडे पोरही सांगेल. जगातल्या मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांना मात्र हा साधा नियम उमगायला फार वर्षे लागली. कित्येकांना तो अजूनही उमगलेला नाही.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर क्वाक्वाकावाक्व हे आदिवासी राहतात. लग्न, नामकरण, मर्तिक अशा प्रसंगी त्यांच्यात 'पॉटलॅच' होतो. यजमान पाहुण्यांना बोलावतो, मुखवटे घालून नाच होतात, शेवटी पाहुण्यांना सढळ हाताने भेटी मिळतात. ही उधळपट्टी नव्हे. कुठले नाव, कुठला नाच, कुठला मुखवटा कोणत्या घराण्याचा, हे तिथे चारचौघांत ठरते. भेट घेणारा पाहुणा त्याचा साक्षीदार. त्या समाजाचा हा सातबाराच म्हणा ना!

सरकारला आणि मिशनऱ्यांना त्यात रानटीपणा दिसला. १८८४ साली पॉटलॅचबंदीचा कायदा झाला. तो १९५१ पर्यंत टिकला. १९२१ च्या डिसेंबरात डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला, तेव्हा सरकारी एजंट विल्यम हॅलिडे याने ४५ जणांवर खटले भरले. गुन्हे कोणते? भाषण करणे, नाचणे, भेटी वाटणे! गावाने मुखवटे हवाली केले तर शिक्षा स्थगित, असा सौदा पुढे आला. तरीही वीस जण तुरुंगात गेले. साडेचारशेहून अधिक वस्तूंचा मोबदला ठरला सुमारे १४५० डॉलर. नगामागे जेमतेम तीन डॉलर. वस्तू ओटावा-टोरांटोला गेल्या. ३५ नग हॅलिडेने न्यूयॉर्कचे संग्राहक जॉर्ज हाय यांना विकले.

सत्तरच्या दशकात ओटावाचे संग्रहालय वस्तू परत द्यायला राजी झाले, पण आधी संग्रहालय बांधा या अटीवर. ज्याचा ऐवज, त्यानेच आधी तिजोरी दाखवायची! आदिवासींनी तीही अट पुरी केली. १९७९ साली केप मज येथे आणि १९८० साली अलर्ट बे येथे वास्तू उभ्या राहिल्या. दुसरीचे नाव 'उमिस्ता'. शत्रूने पळवून नेलेली माणसे घरी परतली की त्यासाठी हा शब्द वापरीत.

खरी गंमत पुढेच आहे. क्रॅनमर यांची कन्या ग्लोरिया क्रॅनमर वेबस्टर यांच्या पुढाकाराने झालेल्या मांडणीत हे मुखवटे काचेच्या कपाटात नाहीत. इतकी वर्षे कोंडले गेले, आता पुन्हा कशाला कोंडायचे? आणि पॉटलॅचमध्ये ते ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने इथे मांडले आहेत. २००५ साली ब्रिटिश म्युझियमकडचा एक मुखवटाही इथे आला, पण दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर. धन्यालाच त्याचे धन उसने!

तज्ज्ञ म्हणतात, आम्ही जपले म्हणून टिकले. लाकूड टिकले, हे खरे. पण जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात रात्रभर नाचणारी सोंगे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना विचारा: खुंटीला टांगलेले सोंग म्हणजे बोहाडा का? तज्ज्ञांनी सल्ला जरूर द्यावा. किल्ली मात्र ज्याच्या घरचा नाच, त्याच्या हाती असावी.