गाणं चालू, गायक गायब

कात्रजचा घाट चढायला लागलं की डोंगर आडवे येतात, मोबाइलचा सिग्नल अडखळतो आणि इंटरनेटवरून वाजणारं गाणं ऐन अंतऱ्यात थांबतं. साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये पेनड्राइव्ह अजून टिकून आहे, तो यामुळेच. मेमरी कार्डावर चालणारा छोटा प्लेअरही अनेक ज्येष्ठांनी सोडलेला नाही. त्याला ना डेटापॅक लागतो, ना दोन अभंगांच्या मध्ये जाहिरात ऐकावी लागते. तो बिघडला की घरातली तरुण मंडळी लगेच म्हणतात, ‘‘आजोबा, टाका तो, नवीन घेऊ.’’ टाकण्याआधी त्याची तक्रार नीट समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. बऱ्याचदा यंत्र धडधाकट असतं आणि दोष पिनेत, कार्डात किंवा गाणी भरण्याच्या पद्धतीत असतो.

सगळ्यात चकवणारी तक्रार अशी: अलीकडच्या गाण्यात वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज नाहीसा झालेला, आणि बालगंधर्वांचं पद लावलं, तर जवळजवळ शांतताच. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणीच खराब झाली. हेडफोनच्या पिनेवर डाव्या कानाचा एक, उजव्या कानाचा एक आणि दोघांचा मिळून परतीचा, म्हणजे ग्राउंडचा एक संपर्क असतो. पिन अर्धवट बसली किंवा ग्राउंडची तार तुटली, की विजेला परतायला वेगळी वाट उरत नाही. ती एका कानातून दुसऱ्या कानात फिरते आणि आपल्याला ऐकू येतो तो डाव्या-उजव्या आवाजांमधला फरक. स्टुडिओत मुख्य गायकाचा आवाज सहसा मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी सारखा. सारख्यातून सारखं वजा झालं की काही उरत नाही. बालगंधर्वांच्या काळातलं ध्वनिमुद्रण तर एकाच वाहिनीचं. तिथे गायक, ऑर्गन, तबला सगळंच वजा होतं. पिन पुसून शेवटपर्यंत दाबावी, तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा हेडफोन लावून पाहावा.

प्लेअर चार्जच होत नसेल, तर आधी केबल बदलून बघा. काही स्वस्त प्लेअरना टाइप-सीचं तोंड असतं, पण चार्जरला ‘मला वीज हवी’ असं कळवणारे दोन छोटे रोधक आत बसवलेलेच नसतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल अशा वेळी वीज सोडत नाही. जुन्या चपट्या यूएसबी टोकाची केबल लावली की तोच प्लेअर चार्ज होऊ लागतो. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र काही करून बघू नये, चार्जिंग तिथेच थांबवावं.

आता कार्ड. गाणं कार्डावर सलग एकाच जागी असतं असं नाही. त्याचे तुकडे जिथे जागा मिळेल तिथे बसतात आणि कोणता तुकडा कुठे आहे याची नोंदवही कार्डाच्या सुरुवातीला असते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे बांधीव नळाने पाणी नेलं, ते एका उच्छ्वासाकडून, म्हणजे नळावरच्या हवा सोडणाऱ्या मनोऱ्याकडून, पुढच्या उच्छ्वासाकडे असं टप्प्याटप्प्याने. मधला एक टप्पा बुजला की पुढचे हौद कोरडे. नोंदवहीतही प्रत्येक तुकड्यापुढे फक्त पुढच्या तुकड्याचा पत्ता लिहिलेला असतो. कॉपी चालू असताना कार्ड उपसलं, तर ही साखळी अर्धवट राहते आणि गाणं मध्येच तुटतं किंवा दिसतच नाही. संगणकाला ‘इजेक्ट’ सांगून मगच कार्ड काढायचं, ते एवढ्यासाठी.

या नोंदवहीच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. ३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा फॅट-३२ पद्धतीची असतात, त्यापुढची एक्सफॅट पद्धतीची. साध्या प्लेअरला बऱ्याचदा पहिलीच भाषा येते. म्हणून ६४ जीबीचं कोरं करकरीत कार्ड त्याला ‘रिकामं’ किंवा ‘खराब’ वाटतं. सरळ ३२ जीबीचं घ्यावं. १२८ केबीपीएसच्या एमपी-३ गाण्याला मिनिटामागे साधारण १ एमबी लागते, म्हणजे त्यात पाचशेहून जास्त तास मावतात.

हरिपाठाचे अभंग उलटसुलट क्रमाने लागतात, याचंही कारण इथेच आहे. अनेक छोटे प्लेअर नावांची वर्णानुक्रमे मांडणी करत नाहीत; नोंदवहीत जे आधी लिहिलं गेलं ते आधी वाजवतात. कार्ड फॉरमॅट करावं, फाइलींना ००१, ००२ असे आकडे द्यावेत आणि त्याच क्रमाने कॉपी कराव्यात. आधीची शून्यं विसरू नयेत, नाहीतर नावं अक्षरक्रमाने लावणारा प्लेअर १ नंतर थेट १० वाजवेल.

जागा वाचवायला गाणी फार दाबू नयेत, हेही आग्रहाने सांगायचं आहे. एमपी-३ पद्धत आवाजाचे छोटे छोटे काळखंड करते आणि मोठ्या आवाजाखाली कानाला जे ऐकू येत नाही तिथे काटकसर करते. पण टाळ क्षणात वाजतो. त्याच्या आधीची शांतता आणि टाळाचा ठोका एकाच खंडात आले, तर काटकसरीतून उरलेली खरखर ठोक्याच्या आधीच ऐकू येते. ६४ केबीपीएसवर भजनातले टाळ आणि चिपळ्या पसरट, फुसफुशीत वाटतात ते याने. निरूपण किंवा कथाकथन असेल तर तेवढं चालतं. भजनाला १९२ तरी द्या.

पडद्यावर मराठी नावांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात, ही तक्रार मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटते. गाण्याच्या फाइलीत नाव लिहायची आयडी-३ ही सोय १९९६ साली निघाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० बाइट मिळत. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, काना-मात्रा आणि हलन्त धरून. ‘ज्ञानेश्वर’ बरोबर ३० बाइटांत बसतो, ‘ज्ञानेश्वरी’ची वेलांटी बाहेर पडते. दुसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा काढली, पण अडचण तिथे संपत नाही. ऱ्हस्व वेलांटी फाइलीत व्यंजनानंतर साठवलेली असते आणि दाखवायची मात्र आधी. जोडाक्षरांची घडण वेगळीच. ही मांडणी करणारी सोय आणि देवनागरीचा फाँट प्लेअरमध्ये नसेल, तर आपण काहीही केलं तरी नाव नीट उमटणार नाही. अशा प्लेअरसाठी रोमन नावं वापरावीत आणि संगणकावरच्या प्रतीत देवनागरी जपावी. नवा घेताना मराठी नावाचं एखादं गाणं कार्डात घालून दुकानातच पडद्यावर बघावं. गिऱ्हाइकांनी मागितलं तरच ही सोय मिळेल.

अनेक घरांत आजीच्या ओव्या किंवा गावच्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण अशा एखाद्या कार्डावरच असतं. मेमरी कार्ड माहिती विजेच्या सूक्ष्म भारांच्या रूपात धरून ठेवतं आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं की हे भार हळूहळू गळतात. म्हणून अशा मुद्रणाची मूळ फाइल न दाबता संगणकावर एक आणि वेगळ्या डिस्कवर एक ठेवावी, फाइलीत गाणाऱ्या बाईंचं आणि गावाचं नाव, साल लिहावं, आणि प्लेअरच्या कार्डावर फक्त ऐकायची प्रत द्यावी.