दुकानातला पोऱ्या आणि अहिंसाणुव्रताचे अतिचार

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याकडे पाठशाळेतच शिकविले जातात. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. प्रवचनात उदाहरण बहुधा बैलाचे दिले जाते. भोरच्या पेठेत ओझ्याचे बैल आता क्वचितच दिसतात. पण हिरडस मावळातून, किंवा ज्याला आता राजगड तालुका म्हणतात त्या वेल्ह्याच्या डोंगरवस्त्यांतून एखादे मूल दुकानी वा घरी ‘वरकामाला’ राहते, आणि आपण त्यास आधार दिला असे म्हणतो.

आधार आणि अत्याचार यांमधील रेषा 2015 च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम 75 ने आखली आहे. मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात वा नियंत्रणात आहे, त्याने त्यास मारहाण केली, टाकून दिले, छळले किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली, आणि त्यातून मुलास विनाकारण शारीरिक अथवा मानसिक यातना होण्याचा संभव असला, तर 3 वर्षांपर्यंत कारावास, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही. ‘संभव’ हा शब्द लक्षात घ्यावा. इजा झालीच पाहिजे असे नाही. आणि ताबा म्हणजे केवळ आईबाप नव्हेत. रात्री ज्याच्या माडीवर मूल झोपते तो शेठही त्यात आला. उलट, परिस्थितीच हाताबाहेर गेल्याने जन्मदात्यांनी मूल सोडले, तर ते जाणूनबुजून केले असे कायदा मानीत नाही. दारिद्र्य आणि निष्ठुरता यांत त्याने केलेला हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात कातकरी मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबावयास दिल्याचे उघड झाले, तेही एका 10 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर. कातकरी वस्त्या भोर-वेल्ह्यातही आहेत. उचल देऊन मूल ठेवणे हा व्यवहार कितीही राजीखुशीचा दिसो, मुलास कामासाठी अडकवून ठेवणे किंवा त्याची कमाई रोखणे यास कलम 79 खाली 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. किराणा दुकानदारांनी कलम 77 ही वाचावे: मुलाच्या हाती तंबाखूची पुडी देणे, मग ती ‘घरच्या आजोबांसाठी’ का असेना, अंगाशी येऊ शकते, शिक्षा 7 वर्षांपर्यंत आहे.

बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून 14 वर्षांखालील मूल कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर वा सुटीत आपला मुलगा, भाचा, पुतण्या गल्ल्याजवळ बसला तर चालते, कारण मामा, मावशी, काका, आत्या यांना कायदा कुटुंबात धरतो. नोकराचा मुलगा मात्र त्यात बसत नाही, जरी तो आपल्याला ‘काका’ म्हणत असला तरी.

राहता राहिली 14 ते 18 वयाची मुले. धोक्याचे काम नसेल तर त्यांना ठेवता येते. परंतु सलग 3 तासांनंतर निदान 1 तास विश्रांती, ती धरून दिवसाचे 6 तास, आठवड्याला एक पूर्ण सुटी, आणि जन्मतारखेसह नोंदवही. सायंकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम नाही. दिवाळीच्या गर्दीतही नाही. एखादे मूल अडचणीत दिसल्यास 1098 हा क्रमांक फिरवावा. तो निःशुल्क आहे.