प्रधानवाक्य व गौणवाक्य : इंग्रजी शिकविताना मराठीचा आधार

इंग्रजी हा विषय आपल्या राज्यात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच शिकविला जातो. वरच्या इयत्तांत विद्यार्थी वाक्ये जोडू लागला, की एक ठरावीक चूक वहीत दिसू लागते. ‘व्हेन इट रेन्ड’ एवढेच लिहून तो पूर्णविराम देतो. शिक्षक त्यावर तांबडी रेघ ओढतात. परंतु रेघेने चुकीचे कारण कळत नाही.

ते कारण मराठीतून सहज उलगडून दाखविता येते. ‘पाऊस पडला’ हे वाक्य स्वतःच्या पायावर उभे आहे. ‘जेव्हा पाऊस पडला’ असे म्हणताच ऐकणारा ‘तेव्हा काय झाले?’ असे विचारतो. कर्ता व क्रियापद दोन्हींत आहेत. तथापि ‘जेव्हा’ या एका शब्दाने दुसरे परावलंबी झाले. पहिले प्रधानवाक्य, दुसरे गौणवाक्य. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’ हे शब्द हेच कार्य करतात.

एक भेद मात्र ध्यानी घ्यावा. मराठीत असे शब्द बहुधा जोडीने येतात : जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी, जो-तो. आपल्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीतही अशा जोड्या विपुल आहेत. इंग्रजीत सामान्यतः गौणवाक्याच्या आरंभीचा एकच शब्द पुरतो. म्हणून आपला विद्यार्थी ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम’ असे लिहितो. ‘जरी’साठी ‘ऑल्दो’ व ‘तरी’साठी ‘बट’ हा त्याचा हिशेब मातृभाषेच्या नियमास धरून आहे. त्यास निर्बुद्ध म्हणू नये. येथे ‘बट’ गाळावे. अथवा ‘ऑल्दो’ गाळून दोन प्रधानवाक्ये ‘बट’ने जोडावी.

पाठ घेताना फळ्यावर ‘व्हेन द बेल रिंग्ज, वुई गो होम’ असे लिहावे. प्रथम ‘वुई गो होम’ झाकून उरलेला भाग वाचवून घ्यावा. अर्थ पुरा झाला काय, हे मुलांनीच सांगावे. मग ‘व्हेन’ झाकावे. तोच भाग आता स्वतंत्र झालेला त्यांना दिसेल. शेवटी दोन्ही भागांची अदलाबदल करावी. गौणवाक्य आधी आले तर स्वल्पविराम द्यावा. नंतर आले तर येथे त्याची गरज नाही.

हा विषय केवळ गुणांचा नाही. फवारणीच्या औषधावर ‘डू नॉट स्प्रे इफ इट इज विंडी’ यासारखी सूचना असते. शेतकऱ्याच्या घरी ती पुष्कळदा शाळेत जाणारे मूलच वाचून दाखविते. आज्ञा कोणती व अट कोणती, हे त्यास उमगले तरच ते वडिलांना बरोबर सांगू शकेल. तेवढी समज शाळेने त्यास द्यावी.