यंत्राचा ताप : खरा किती, भासाचा किती?



विस्तवाशी कसे वागावे हे तेरखेड्याच्या मंडळींना मी सांगायला नको. फटाक्यांच्या कारखान्यांनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले आहे. वात जळूनही जो बार उडाला नाही, त्याच्याजवळ लगबगीने जाऊ नये, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. बार गप्प आहे म्हणजे तो विझला आहे, असे नव्हे. आजचा माझा विषय दारूचा नसून डिझेलचा आहे. परंतु त्याचे मर्म हेच आहे.

आपण ज्याला पोकलेन म्हणतो, ते वस्तुतः एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्याकडे मात्र कोणत्याही बनावटीच्या मोठ्या खोदाई यंत्राला ते चिकटले. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या काळात मराठवाड्यातल्या गावोगावच्या नाल्यांत ही यंत्रे उतरलेली आपण पाहिली. काही ठिकाणी यंत्र संस्थेने दिले आणि डिझेलसाठी गावाने वर्गणी काढली. नाला कोरडा असतानाच खोल करायचा, म्हणजे काम ऐन उन्हाळ्यात. मृगाचा पाऊस आला की काम थांबले! अशा वेळी पडद्यावर तापाचा तांबडा दिवा लागला आणि यंत्र आठ दिवस उभे राहिले, तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. गावाचा एक पावसाळा वाया जातो. उलट दिवा खरा असून तो दुर्लक्षिला, तर इंजिनाचे हेड वाकते, प्रसंगी इंजिनच जाम होते. म्हणून प्रश्न असा की, ताप इंजिनाला आहे की ताप मोजणाऱ्याला?

आधी मोजणारा कोण ते पाहू. डिझेलच्या उष्णतेपैकी साधारणतः एक तृतीयांशच कामी येते. बाकीची काही धुरावाटे जाते आणि काही इंजिनाभोवती फिरणारे कूलंटमिश्रित पाणी रेडिएटरकडे नेते. चालू इंजिनात हे पाणी बहुधा ८० ते ९५ अंश सेल्सिअस असते. त्या पाण्यात टोक बुडवून बसलेली बोटभर लांबीची धातूची नळी म्हणजे तापमानाचा सेन्सर. तिच्यात एक मणी असतो. तो जसजसा तापतो, तसतसा त्याचा विजेला होणारा अवरोध घटतो. पुष्कळ प्रचलित सेन्सरांत तो २० अंशांना अडीच हजार ओहम, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास आणि १०० अंशांना १९० च्या आसपास भरतो. हे आकडे बनावटीप्रमाणे बदलतात. आपल्या यंत्राचे आकडे कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यावेत. तात्पर्य, इंजिनाच्या संगणकाला पाणी किती तापले ते कळतच नाही. त्याला कळतो तो तारेवरून येणारा अवरोध, आणि त्यावरून तो तापाचा तर्क करतो.

आता हा तर्क कसा चुकतो ते पाहा. तार तुटली तर अवरोध अमर्याद होतो आणि संगणक समजतो, पाणी शून्याखाली ४० अंश आहे. वैशाखात, मराठवाड्यात! हा मूर्खपणा त्यालाही उमगतो. तो दोषाचा संकेत दाखवतो आणि पुष्कळ यंत्रांत पंखा पूर्ण वेगाने सोडून इंजिनाची ताकद कमी करतो. तार घासून इंजिनाच्या अंगाला लागली, तर अवरोध जवळजवळ शून्य होतो आणि थंड इंजिनही भयंकर तापलेले दिसते. हे दोन्ही खोटे ठळक आहेत, लवकर पकडले जातात.

तिसरे खोटे मात्र घातक. जोडात पाणी शिरून हिरवट गंज चढला आणि त्याने केवळ १३५ ओहमांची भर घातली, असे समजा. वर दिलेल्या आकड्यांनी हिशेब केला, तर पाणी १०० अंशांवर असताना पडदा ८० दाखवील. दिवा लागणार नाही, ऑपरेटर निर्धास्त राहील. हाच तो न उडालेला बार. गळतीमुळे पाणी सेन्सरच्या खाली उतरले, तरी असेच होते. सेन्सर खोटे बोलत नसतो, त्याला पाणीच भेटत नसते.

यावरून तपासाचा क्रम ठरतो. पहिला नियम असा की, दिवा लागला तर तो खराच मानावा. खोदणे थांबवून इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवावे. पाणी गळताना दिसले किंवा आकडा चढतच राहिला तर तत्काळ बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरमपणी उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून माणूस भाजतो. इंजिन निवल्यावर पाण्याची पातळी, पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरच्या जाळीत बसलेली माती पाहावी. नाल्यातल्या फुफाट्यात खरा दोष पुष्कळदा या मातीचाच असतो.

एवढे ठीक असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन सुरू न करता, नुसती किल्ली फिरवावी. रात्रभर निवलेल्या इंजिनाचे पाणी आणि बाहेरची हवा यांचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. वीस-तीस अंशांचे अंतर असेल तर सेन्सर किंवा तार यांवर संशय घ्यावा. नंतर सेन्सरचा जोड काढावा. आकडा नीचांकाला गेला, तर निदान तार कुठे अंगाला लागलेली नाही. तसे झाले तर मल्टिमीटरने सेन्सरचा अवरोध मोजून पुस्तकाशी ताडावा.

परंतु वर सांगितलेला गंज या पहाटेच्या परीक्षेत सापडत नाही. अडीच हजारांत १३५ ची भर म्हणजे जेमतेम एका अंशाचा फरक! जोड काढला तरी आकडा शहाण्यासारखा खालीच जातो. म्हणून शेवटची परीक्षा गरम इंजिनावर करावी. थर्मोस्टॅटच्या आवरणावर, धुराच्या नळीपासून दूर, काळी पट्टी चिकटवून तिच्यावर दुरून ताप मोजणारे यंत्र रोखावे. चकचकीत धातूवर ते कमी आकडा दाखवते. आवरण आतल्या पाण्यापेक्षा काही अंश थंडच असायचे. ते पडद्यावरील आकड्याहून अधिक तापलेले आढळले, तर पडदा खोटा आहे हे निश्चित. मग जोड स्वच्छ करून तीच मोजणी पुन्हा करावी.

यातले काहीच न करता काही जण सरळ नवा सेन्सर बसवतात, आणि गंजका जोड तसाच राहतो. काही जण त्याहून पुढे जाऊन तारेत कायमचा अवरोध जोडतात आणि दिवा गप्प करतात. ज्या गावाने वर्गणी काढून यंत्र नाल्यात उतरवले, त्याने मिस्त्रीला एक प्रश्न जरूर विचारावा : 'पडद्याखेरीज दुसऱ्या कशाने ताप मोजलात काय?' उत्तर नकारार्थी आले, तर त्या दिवशी खोदाई थांबलेली बरी.